बर्फ पडेना? आधी गच्चीवरच्या टाकीची उंची मोजा

एप्रिल लागला, की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या फ्रिज मेकॅनिकांच्या कानावर एकच तक्रार वारंवार येते: “फ्रिज गार आहे, आतलं सगळं नीट आहे, पण बर्फच पडंना झालाय.” मग आइस मेकरचा अख्खा भाग बदलला जातो, पैसे जातात, आणि पंधरवड्यात बर्फ पुन्हा बंद होतो. अशा वेळी दोष बहुधा त्या भागात नसतोच. तो पाण्यात असतो. एकतर पाण्याला दाब नसतो, नाहीतर पाणीच क्षारांनी जड झालेलं असतं. हे मशीन पाण्याकडून काय अपेक्षा धरतं आणि आपल्या घरात पाणी कसं येतं, या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या की बरीचशी दुरुस्ती घरच्या घरी उलगडते.

पहिल्यांदा आपल्याकडे नेमका कुठला प्रकार आहे ते बघा. एका दाराच्या साध्या फ्रिजमध्ये नुसता ट्रे असतो. दोन दारांच्या बऱ्याच फ्रिजमध्ये वर फिरवायची कडी असलेला ट्रे आणि खाली डबा असतो. आपण पाणी भरायचं, गोठलं की कडी पिळायची, बर्फ खाली पडतो. यात वीज नाही, मोटर नाही, त्यामुळे बिघडण्यासारखंही फार नाही. कपाटासारखी दोन उभी दारं असलेल्या मोठ्या फ्रिजमध्ये मात्र खरा, आपोआप चालणारा आइस मेकर येतो. त्यातही दोन जाती आहेत. काहींना आतच चार-साडेचार लिटरची टाकी असते, ती आपण हाताने भरतो आणि छोटा पंप पाणी वर चढवतो. काहींना मागून बारीक नळी जोडलेली असते आणि पाणी थेट घरातल्या लाइनमधून येतं. सगळ्यात जास्त डोकेदुखी देणारी जात ही शेवटची.

मशीन पाणी मोजत नाही, वेळ मोजतं

नळीच्या आइस मेकरचं काम असं चालतं. फ्रिजच्या मागे तळाशी विजेवर उघडणारा एक व्हॉल्व्ह असतो. ट्रे रिकामा झाला की तो काही सेकंदांसाठी उघडतो, पाणी नळीतून वर चढतं आणि ट्रेमध्ये पडतं. मग व्हॉल्व्ह बंद होतो. ट्रेच्या बुडाशी सेन्सर असतो. तिथलं तापमान शून्याच्या बरंच खाली, साधारण उणे ८-१० अंशांपर्यंत गेलं, की मशीन समजतं बर्फ झाला. मग काही मशीनमध्ये मोटर प्लास्टिकचा ट्रे पिळून बर्फ पाडते. काहींत धातूच्या साच्याखालचा हीटर क्षणभर तापतो, बर्फ सुटतो आणि फिरणारे दाते तो डब्यात ढकलतात. डबा भरला की एक दांडी किंवा सेन्सर पुढचा फेरा थांबवतो.

या सगळ्यात एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. बहुतेक मशीन्स ट्रेमध्ये किती पाणी पडलं हे मोजतच नाहीत. व्हॉल्व्ह किती सेकंद उघडा ठेवायचा तेवढं त्यांना ठाऊक असतं. कारखान्यात धरलेला दाब नळीत असेल तर तेवढ्या सेकंदांत ट्रे बरोबर भरतो. दाब कमी असेल तर तेवढ्याच सेकंदांत अर्धा ट्रे भरतो, कधी तळ भिजण्यापुरतंच पाणी येतं. मग बर्फाचे तुकडे बारीक पडतात, पातळ पडतात, मधे पोकळ निघतात. घरच्या माणसांना वाटतं फ्रिज गार होत नाही. तो चांगला गार होत असतो, त्याच्यापर्यंत पाणीच पोचत नसतं.

आता दाबाचा हिशोब. नळी जोडायच्या आइस मेकरला साधारणपणे किमान २० पीएसआय, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत जवळपास १.४ किलो दाब लागतो. आपल्या मॉडेलचा नेमका आकडा पुस्तिकेत असतो. उंचीवर साठवलेलं पाणी दर १० मीटरला १ किलो दाब देतं. म्हणजे १.४ किलोसाठी टाकीतल्या पाण्याची पातळी फ्रिजच्या व्हॉल्व्हपासून सुमारे १४ मीटर वर हवी, चार मजल्यांएवढी! बेळगावातलं साधं घर आठवून बघा: तळमजला, वर एक मजला, गच्चीवर काळी टाकी. वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात फ्रिज असेल तर टाकी त्याच्यापासून चार मीटरवर. दाब झाला ०.४ किलो, सहा पीएसआयच्या आत. खालच्या मजल्यावर असेल तरी पाऊण किलोच्या वर जात नाही. नळाला धार दिसते, बादली भरते, म्हणून आपल्याला दाब भरपूर वाटतो. व्हॉल्व्हला तो पुरत नाही.

महानगरपालिकेच्या थेट लाइनला पुरेसा दाब मिळू शकतो, पण शहराच्या अनेक भागांत नळाला रोज पाणी नसतं. राकसकोप आणि हिडकल जलाशयांचं पाणी आलं, की आपण ते अंगणातल्या संपमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत, घेतो, मोटर लावून गच्चीवर चढवतो आणि तिथून वापरतो. शहरात काही वॉर्डांना चोवीस तास पाणी आहे, तिथली गोष्ट वेगळी. बाकी सगळ्यांचा फ्रिज हा गच्चीवरच्या टाकीचाच गिऱ्हाईक आहे, आणि फ्रिज घेताना ही चौकशी दुकानात कोणी करत नाही. ती व्हायला हवी, असं मला फार मनापासून वाटतं.

कमी दाबाचा दुसरा त्रास जास्त फसवा असतो. हा व्हॉल्व्ह नुसत्या स्प्रिंगने घट्ट बसत नाही, मागच्या पाण्याचा दाबच त्याची रबरी चकती दाबून धरतो. दाब नसला की व्हॉल्व्ह बंद झाल्यावरही पाणी थेंब-थेंब झिरपत राहतं. तो थेंब फ्रीजरमध्ये शिरणाऱ्या नळीच्या तोंडाशी पोचतो, तिथेच गोठतो, आणि काही दिवसांत नळी बर्फाने बंद होते. मग पाणी यायचंच थांबतं. मेकॅनिक गरम पाण्याने नळी मोकळी करतो, बर्फ सुरू होतो, सगळे खूश होतात, आणि पुन्हा तेच. मुळातला दाब वाढवल्याशिवाय हे चक्र थांबत नाही.

व्हॉल्व्ह खरंच गळतो का, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. फ्रिजचा प्लग काढा, पण पाण्याचा कॉक चालू ठेवा. तशा अवस्थेत ट्रेमध्ये पाणी थेंबथेंब पडत राहिलं, तर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. त्याच्या आत वाळूचा कण अडकला असेल, चकती झिजली असेल, किंवा दाबच कमी असेल. प्लग काढल्यावर गळणं थांबलं, तर व्हॉल्व्हला नको तेव्हा वीज मिळते आहे, आणि ते काम मेकॅनिकचं.

दाब वाढवायचा उपाय महाग नाही. आरओ मशीनमध्ये असतो तसला छोटा बूस्टर पंप फ्रिजच्या नळीवर बसवता येतो. त्याला प्रेशर स्विच मात्र हवाच. त्याच्याशिवाय व्हॉल्व्ह बंद असतानाही पंप पाणी रेटत राहील आणि एखादा जोड निसटून स्वयंपाकघरात तळं होईल. पुस्तिकेत दाबाची वरची मर्यादाही दिलेली असते, ती पाहूनच पंप निवडा. काही जण भिंतीवरच्या आरओमधून फ्रिजला नळी काढतात. पाण्याच्या गुणाच्या दृष्टीने कल्पना चांगली आहे, पण आपल्याकडच्या आरओची साठवणीची टाकी साधी असते, तिला दाब नसतो. म्हणजे तिथेही पंप लागणारच.

बोअरचं पाणी आणि पांढरी भुकटी

खानापूरच्या बाजूला, सह्याद्रीच्या पावसाच्या पट्ट्यात, विहिरीचं पाणी सहसा हलकं असतं. पूर्वेला रायबाग-अथणीच्या काळ्या मातीत जाल तसं बोअरचं पाणी जड होत जातं. मचूळ लागतं, साबणाला फेस येत नाही, गिझरच्या कॉइलवर पापुद्रा बसतो. तेच पाणी आइस मेकरमध्ये गेलं की बर्फ वितळल्यावर पेल्याच्या तळाशी पांढरे कण दिसतात. सरबत पिणारा पाहुणा पेला उजेडात धरून बघतो आणि यजमानीण ओशाळते. ते कण घाण नसतात, प्लास्टिकही नसतं. तो कॅल्शियम-मॅग्नेशियमचा क्षार असतो.

असं का होतं? पाणी गोठताना स्वतःचं शुद्ध स्फटिक बांधत जातं आणि त्यात न मावणाऱ्या गोष्टी, म्हणजे विरघळलेली हवा आणि क्षार, पुढे ढकलत नेतं. बर्फ बाहेरून आत गोठतो, त्यामुळे हे सगळं मधोमध कोंडतं. तुकड्याच्या पोटात दिसणारा पांढरा धूसर ठिपका तोच. तिथे क्षार इतके दाट होतात, की घन होऊन बसतात, आणि बर्फ वितळला तरी लगेच पुन्हा विरघळत नाहीत. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. त्या मर्यादेत असलेलं पाणीही बर्फात भुकटी सोडू शकतं. पोटाला त्याने लगेच काही होत नाही, पण मशीनला होतं. व्हॉल्व्हच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती क्षाराने आणि गाळाने बुजते. ट्रेवर खरखरीत थर बसतो, बर्फ त्याला धरून राहतो आणि पिळला तरी सुटत नाही. धातूच्या साच्यात दाते अडकतात.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. फ्रिजमध्ये जो पाण्याचा फिल्टर येतो तो बहुतेक कोळशाचा असतो. क्लोरीनचा वास, रंग, थोडा गाळ तो अडवतो. जड पाणी तो हलकं करत नाही. त्याची मुदत सर्वसाधारणपणे सहा महिने धरलेली असते. गढूळ पाण्यात तो त्याच्या आधीच बुजतो, विशेषतः जून-जुलैत नळाला लालसर पाणी येतं तेव्हा. फिल्टर बुजला आहे का, हे कळायला त्याच्या जागी बसणारं टोपण (बऱ्याच मॉडेलबरोबर मिळतं) लावून बघा. टोपण लावल्यावर ट्रे भरभर भरला तर दोष फिल्टरचा. पण टोपण लावून कायमचं सोडून देऊ नका.

हाताने भरायच्या ट्रेसाठी मात्र अगदी साधा उपाय आहे. पाणी चांगलं उकळा, झाकून गार करा, रात्रभर स्थिर ठेवा आणि वरचं निवळ पाणी ट्रेमध्ये ओता. उकळल्यावर क्षाराचा एक भाग पातेल्याच्या तळाशी बसतो, तो बर्फात जात नाही. आतल्या टाकीच्या फ्रिजमध्ये हेच पाणी गार झाल्यावर भरता येतं.

उकळण्याचं दुसरं कारण त्याहून मोठं आहे. थंडीने जंतू मरतात असं पुष्कळांना वाटतं. ते खरं नाही. विषमज्वराचे जिवाणू, कावीळ पसरवणारे विषाणू बर्फात दिवसेंदिवस तग धरतात आणि बर्फ वितळला की पुन्हा त्रास देऊ शकतात. पावसाळ्यात आपण प्यायला उकळलेलं पाणी घेतो, आणि त्याच पेल्यात साध्या टाकीच्या पाण्याचा बर्फ टाकतो. घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर कृपा करून असं करू नका. जे पाणी तुम्ही तसंच पिणार नाही, त्याचा बर्फही करू नका.

ट्रेवरचा थर काढायला सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, पुरतं. कोमट पाण्यात चमचाभर विरघळवून काढता येणारा प्लास्टिकचा ट्रे त्यात अर्धा तास ठेवा, मऊ स्पंजने पुसा, दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुवा. कडकडीत गरम पाणी नको, ट्रे वाकतो. धातूच्या साच्यावर आंबट द्रव तसाच ठेवून देऊ नका, त्याचा मुलामा खराब होतो. तिथे ओल्या फडक्याने पुसणंच बरं. तारेची घासणी कुठेच नको. मोटर असलेला भाग नळाखाली धरणं तर सोडूनच द्या. धुतल्यानंतर पहिल्या दोन-तीन फेऱ्यांचा बर्फ टाकून द्या.

लाईट जाते-येते तेव्हा

फ्रीजरचं तापमान उणे १८ अंश असावं. ते उणे १२ च्या वर राहिलं, तर सेन्सर ‘बर्फ झाला’ असं म्हणतच नाही आणि मशीन नुसतं वाट पाहत बसतं. गावठाणात हेस्कॉमची लाईट बऱ्यापैकी टिकते, पण मळ्यातल्या वस्तीवर ती तासातासाने जाते-येते, आणि व्होल्टेजही कमी असतं. तिथे बर्फ कमी पडतो म्हणून फ्रिज उघडून बसण्यात अर्थ नाही. मशीनला सलग गारवाच मिळत नाही. रात्री लाईट स्थिर असेल तेव्हा बर्फ होऊ द्या आणि सकाळी डब्यातून काढून झाकणाच्या डब्यात भरा. जुन्या, साध्या कॉम्प्रेसरच्या फ्रिजला स्टॅबिलायझर असावा, आणि प्लग काढला तर पुन्हा लावण्याआधी पाच मिनिटं थांबावं, म्हणजे आतल्या गॅसचा दाब समतोल होतो.

लाईट बराच वेळ गेली की डब्यातला बर्फ वरवर वितळतो आणि लाईट आल्यावर सगळ्याचा एक ढेकूळ होतो. दारातून बर्फ देणाऱ्या फ्रिजमध्ये असा ढेकूळ आतल्या मळसूत्राला अडतो, मोटर गुरगुरते, आणि माणसं बटण दाबतच राहतात. दाबू नका. डबा बाहेर काढा, ढेकूळ बेसिनमध्ये टाका, डबा कोरडा पुसून परत लावा. पावसाळ्यात दमट हवेनेही असं होतं, दाराचं रबर सैल असेल तर जास्तच. रबर तपासायला दारात कागद धरून दार लावा आणि कागद ओढा. सहज सरकला तर तिथून हवा शिरते आहे.

बर्फाला वास येतो त्याचं कारण सोपं आहे: बर्फ आजूबाजूचा वास ओढून घेतो. सुके बोंबील, चिरलेला कांदा, उघडं मटण फ्रीजरमध्ये असेल तर सरबतातही तेच येणार. झाकण घट्ट लावा, महिन्याहून जुना बर्फ टाका, वाटीत खायचा सोडा ठेवा.

मॉडेलमध्ये टेस्ट बटण असेल (बऱ्याचदा आइस मेकरच्या खालच्या बाजूला लहानसं असतं), तर ते काही सेकंद दाबून धरा. मोटर फिरली आणि पाणी आलं, तर यंत्र ठीक आहे. मोटर फिरली पण पाणी आलं नाही, तर कॉक, मागे दबलेली नळी, फिल्टर, गोठलेलं तोंड अशा क्रमाने बघा. भिंतीला फ्रिज खेटून ठेवल्यामुळे नळी चिमटलेली सापडणं अगदी नेहमीचं. उंदराने कुरतडलेली नळीही सापडते, तेव्हा मागे बॅटरी मारून पाहाच. मोटरच फिरली नाही, तर आधी आइस बंद ठेवायचं बटण चुकून दाबलंय का ते बघा. तेही नसेल, तर मेकॅनिकला बोलवा. नवा फ्रिज असेल तर पहिला बर्फ पडायला चोवीस तास लागू शकतात, त्याआधी तक्रार करू नका. आतल्या टाकीच्या फ्रिजमध्ये टाकी जागेवर पूर्ण खाली बसलीये का, एवढं एकदा दाबून बघितलं तरी बऱ्याच वेळा काम होतं.

नळीचं तोंड गोठलं असेल तर प्लग काढून फ्रीजरचं दार उघडं ठेवा, कोमट पाण्यात पिळलेलं फडकं तिथे धरा, किंवा सिरिंजने थोडं थोडं कोमट पाणी सोडा. सुरी, पेचकस, सांडशी यांनी बर्फ टोकरू नका. एका दाराच्या फ्रिजमध्ये ही चूक सर्रास होते, कारण तिथे बर्फाच्या थराखालीच गॅसच्या पातळ ॲल्युमिनियमच्या नळ्या असतात. एक टोचा बसला की गॅस जातो आणि फ्रिज बहुधा कामातून जातो. शिवाय हल्लीच्या घरगुती फ्रिजमध्ये पुष्कळदा आर ६००ए हा गॅस असतो, मागच्या स्टिकरवर ते लिहिलेलं असतं, आणि तो पेट घेणारा आहे. ‘फुस्स’ आवाज आलाच तर गॅसची शेगडी बंद करा, खिडक्या उघडा, कुठलंही बटण चालू-बंद करू नका.

मेकॅनिक आला, की पार्ट बदलण्याआधी त्याच्याकडे दोन गोष्टी मागा. गेज लावून नळीचा दाब दाखवा म्हणा, आणि व्हॉल्व्हची जाळी काढून दाखवा म्हणा. चांगला कारागीर हे आनंदाने करतो. बदललेला जुना पार्ट ठेवून घ्या. आणि सुट्टीत कोकणात किंवा गावी जायचं असेल, तर निघण्याआधी फ्रिजच्या पाण्याचा कॉक बंद करा, आइस मेकर बंद करा, डबा रिकामा करा. परत आल्यावर लाइनमधलं साचलेलं पाणी आधी थोडं वाहून जाऊ द्या.